हिवाळ्याचें बिऱ्हाड

नाशिकच्या एका वाचकांचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांचें वय ७१, पत्नीचें ६६. गेल्या पौषांत पत्नीचे गुडघे असे धरले कीं सकाळीं दहापर्यंत त्यांस अंथरुणांतून उठवेना. पत्रलेखकांचा स्वतःचा रक्तदाबही त्याच दिवसांत वर गेला. डॉक्टरांनीं सहज म्हटलें, ‘पुढच्या थंडींत कोंकणांत जाऊन राहा.’ तेव्हांपासून त्यांनीं तें मनावर घेतलें आहे. मात्र मुलगा म्हणतो, ‘बाबा, या घरांत तुम्हांला काय कमी आहे, म्हणून भाड्याच्या घरांत जाऊन राहायचं?’ आणि सूनबाई कांहींच बोलत नाहीं. मुलाच्या बोलण्यापेक्षां हें न बोलणेंच आपणांस अधिक अवघड वाटतें, असें ते लिहितात. थोड्याफार फरकानें अशींच पत्रें पुण्याहून व इंदुराहूनही आलेलीं असल्यामुळें या महिन्याचें सदर आम्ही याच विषयास देत आहों.

प्रथम त्या मुलाच्या प्रश्नाविषयीं. उन्हाळ्यांत थंड हवेच्या ठिकाणीं जाऊन राहणें ही गोष्ट आपल्या समाजांत केव्हांच रुळली. लोकमान्य टिळक उन्हाळ्यांत सिंहगडावर जाऊन राहत. त्यास कोणीं घर सोडून जाणें म्हटलें नाहीं. मग थंडींत उबेच्या ठिकाणीं जाणें हेंच तेवढें घरावर रुसून जाण्यासारखें कां वाटावें? खरें पाहतां घाटमाथ्यावरच्या माणसानें हिवाळ्यांत कोंकणांत उतरावें ही चाल जुनीच आहे. देशावरचे मेंढपाळ धनगर दिवाळीच्या सुमारास आपले वाडे घेऊन घाट उतरतात आणि पावसाळ्यापूर्वीं परत चढतात. ते जातात चाऱ्यासाठीं, आपण जावयाचें हाडांसाठीं, एवढाच भेद.

आपलें वैद्यकशास्त्र हेमंत ऋतूस बलाचा काळ मानतें. त्या ऋतूंत जठराग्नि प्रदीप्त असतो, म्हणून स्निग्ध व भरपूर आहार घ्यावा, असें चरकसंहितेंत आणि अष्टांगहृदयांत सांगितलें आहे. परंतु तें ज्याचा अग्नि मुळांत शाबूत आहे त्याच्यासाठीं. सत्तरीच्या माणसाची भूक थंडीनें फारशी वाढत नाहीं. सांधे मात्र आखडतात. आधुनिक वैद्यक सांगतें कीं थंडीनें त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळें रक्तदाब चढतो, आणि हृदयविकाराचे झटकेही हिवाळ्यांत अधिक येतात. अंगांतली ऊब राखण्याची शक्ति वयाबरोबर उणावते ती निराळीच. तेव्हां त्या डॉक्टरांचा सल्ला हौसेचा नसून औषधाचा आहे, हें त्या चिरंजीवांनीं ध्यानांत घ्यावें.

उबेचा गांव निवडतांना दुपारचें ऊन पाहूं नये, पहाटेचा पारा पाहावा. जानेवारींत दुपारीं नाशिक काय आणि रत्नागिरी काय, ऊन दोन्हीकडे सुखाचें. फरक पडतो तो पहाटे. कडक थंडींत नाशिक-निफाडकडे पारा ५-६ अंशांपर्यंत, कधीं त्याहूनही खालीं उतरतो, पुण्यास ७-८ पर्यंत. त्याच दिवसांत किनाऱ्यावर तो बहुधा १६ ते २० च्या दरम्यान असतो. समुद्राचें पाणी तापावयास वेळ घेतें तसाच निवावयासही घेतें, त्याचा हा गुण. परंतु समुद्रापासून थोडें आंत व उंचावर गेलें कीं हा गुण झपाट्यानें ओसरतो. दापोली कोंकणांत आहे एवढ्यावरून तेथें बिऱ्हाड करणाराची कानटोपी सुटावयाची नाहीं, कारण दापोली पठारावर आहे. तिच्याच खालीं समुद्राकांठीं असलेलीं मुरूड, हर्णें, आंजर्लें हीं मात्र उबेचीं. गुहागर, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्लें यांसही हेंच लागू. आपलें कुलदैवत ज्या गांवीं आहे तोच गांव बरा, असें पुष्कळांस वाटतें. हरकत नाहीं, पण देवदर्शनास दोन दिवस पुरतात आणि येथें प्रश्न नव्वद दिवसांचा आहे. यात्रा आणि बिऱ्हाड यांची गल्लत करूं नये.

इंदूरच्या वाचकांनीं तंजावरविषयीं विचारलें आहे. तिकडे हवा उबदार खरी. पण तमिळनाडूंत पाऊस येतो तोच मुळीं ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडील वाऱ्यांबरोबर, आणि वादळेंही त्याच दिवसांत. म्हणून तिकडे जावयाचें तर संक्रांतीनंतर जावें. सरस्वती महाल ग्रंथालयांतील मराठी हस्तलिखितें आणि बृहदीश्वराच्या मंदिरांत १८०३ सालीं कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख यांवर वाचनाची आवड असलेल्या माणसाचा महिना सुखानें जाईल. मात्र तेथें डॉक्टरांशीं इंग्रजींत किंवा तमिळमध्यें बोलावें लागेल, आणि आपलें दुखणें मनुष्य आपल्या भाषेंतच नीट सांगूं शकतो. ज्यांस रोगाची भीति आहे त्यांनीं मराठी मुलखांतच राहावें, असें आमचें मत आहे.

आतां घर. कोंकणांतलें घर म्हटलें कीं नारळी-पोफळींची वाडी, विहीर, ओटी आणि झोंपाळा डोळ्यांपुढें उभा राहतो. वैशाखांत तें घर सुखाचें असतें यांत शंका नाहीं. पण तेंच घर हिवाळ्यांत पाहावें. दाट वाडींतल्या घरावर बराच दिवस वर आला तरी ऊन पडत नाहीं, झाडांच्या शिंपणामुळें जमीन ओलसर असते, आणि तिन्हीसांजेस डांस उठतात. ऊब घेण्यासाठीं घाट उतरून आलेल्या माणसानें दिवसभर सावलींत शाल पांघरून बसावें, याला काय म्हणावें? ज्याच्या अंगणांत सकाळचें ऊन येतें असें मोकळें घर घ्यावें, मग त्यास झोंपाळा नसला तरी चालेल.

दुसरी गोष्ट पाखाडीची. ज्यांनीं कोंकण मोटारींतूनच पाहिलें आहे त्यांस सांगतों कीं, पाखाडी म्हणजे चढउतारावरच्या वस्तींतून जाणारी जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. ‘घर रस्त्याला अगदीं लागून आहे’ असें मालक दूरध्वनीवर सांगतो, आणि तो खोटें बोलत नाहीं. लहानपणापासून तो त्या पायऱ्या धांवत चढला आहे. परंतु तें ‘लागून’ पन्नास-साठ पायऱ्या खालीं असूं शकतें. गुडघ्यांसाठीं जावयाचें आणि दुधाच्या पिशवीसाठीं रोज पाखाडी चढावयाची, हा व्यवहार आंतबट्ट्याचा. जुन्या घरांचे उंबरे उंच असतात तेही पाहावें. शौचकूप घराच्या आंत, त्याच पातळीवर असावा, त्यांत बसावयास कमोड व धरावयास भिंतीस दांडी असावी. रात्रीं मागील दारीं जाण्याचा प्रसंगच नको. कोंकणांतल्या कातळावर आणि दगडी गडग्यांत फुरसें असतें, तें आकारानें लहान व रंगानें मातीसारखें असल्यामुळें पाय पडेपर्यंत दिसत नाहीं. तिन्हीसांजेनंतर अंगणांतही विजेरी घेऊनच उतरावें.

भाड्याविषयीं एकच सूचना. किनाऱ्यावरचीं घरें अलीकडे पर्यटकांस दिवसाच्या दरानें दिलीं जातात, आणि नाताळच्या आठवड्यांत तो दर बराच चढतो. मग मालकाच्या मनांत येतें कीं, या म्हाताऱ्या जोडप्यास चार दिवस माडीवरच्या खोलींत हलवावें. तो बिचारा आदरानेंच विचारतो, ‘काका, जरा सांभाळून घ्याल ना?’ आणि आपल्यास नाहीं म्हणवत नाहीं. म्हणून भाडें ठरवितांनाच नाताळ व नववर्षाचे दिवस यांत धरले आहेत असें कागदावर लिहून घ्यावें. याच वेळीं त्या घरांत मोबाईलची रेंज मिळते कीं नाहीं तेंही आंतल्या खोलींत उभें राहून पाहावें. डोंगराच्या कुशींतल्या पुष्कळ घरांत ती मिळत नाहीं, आणि रात्रीं डॉक्टरांस बोलावण्याची वेळ आली म्हणजे तिचें महत्त्व कळतें.

गांवांत एक डॉक्टर आणि वाहनानें तासाभराच्या आंत मोठें रुग्णालय, यापेक्षां दूर राहूं नये. सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागांतले पुष्कळ रोगी गोव्यांत बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत जातात. वेंगुर्लें-सावंतवाडीकडे राहणारांनीं तो रस्ता माहीत करून घ्यावा, आणि रात्रीं येऊं शकेल अशा गाडीवाल्याचा क्रमांक पहिल्याच दिवशीं भिंतीवर लिहून ठेवावा. रक्तदाबाच्या औषधाविषयीं एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. उबेंत गेलें कीं दाब आपोआप कांहींसा उतरतो. थंडींत वाढवून दिलेली गोळी तशीच चालूं राहिली तर सकाळीं उठतांना घेरी येण्याचा संभव असतो, आणि या वयांत घेरी म्हणजे पडणें, पडणें म्हणजे खुब्याचें हाड. औषध आपल्या मनानें कमी करूं नये. निघण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें, दाब मोजण्याचें यंत्र बरोबर न्यावें, आणि पंधरा दिवसांनीं आंकडे त्यांस दूरध्वनीवर कळवावे.

येथवर सर्व सोपें. पत्रलेखकांनीं आपल्या चार पानी पत्रांत पत्नीच्या गुडघ्यांविषयीं सबंध एक पान लिहिलें आहे. परंतु तेथें स्वयंपाक कोण करणार, याविषयीं त्यांत एक ओळही नाहीं. आज घरीं सून आहे, वरकामास बाई आहे. तेथें दोघांचाच संसार म्हणजे सकाळच्या चहापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत सारें पुन्हां त्याच दोन गुडघ्यांवर येणार! असें होणार असेल तर त्यांनीं नाशिकांतच शेगडीजवळ बसावें, तें बरें. गुहागर, मुरूड, केळशी अशा गांवांत घरगुती जेवण देणारीं कुटुंबें आहेत. दुपारचें जेवण त्यांच्याकडून आणवावें, रात्रीं मऊ भात, मेतकूट आणि ताक. मधुमेह असेल त्यानें ज्वारीचें पीठ बरोबर न्यावें, कारण तिकडे भाकरी तांदळाची. ज्या गृहस्थांस बाहेरचें जेवण सोंवळ्यांत बसत नाहीं त्यांनीं स्वतः भात लावावयास शिकावें. पळी-पंचपात्रीइतकें तें अवघड नाहीं.

आतां सूनबाईंचें मौन. आम्ही त्या घरांत नाहीं, तेव्हां अंदाजच करणार. तिला एक भय असेल तें लोकांचें: सासूसासऱ्यांस घराबाहेर काढलें असें शेजारपाजारीं म्हणतील. दुसरें तिच्या अडचणीचें: फेब्रुवारी-मार्चांत मुलांच्या परीक्षा, दुपारीं मुलें शाळेंतून येतात तेव्हां दार उघडावयास आजी हवी. आणि तिसरी गोष्ट अशी कीं, तीन महिने आपल्या हातानें घर चालवावें असें तिला वाटतही असेल, आणि तें बोलून दाखविण्याची सोय आपल्या घरांत नसते. हें सासऱ्यांनीं दिवाणखान्यांत सर्वांसमक्ष विचारूं नये. सासूनेंच भाजी निवडतां निवडतां विचारावें. अडचण दुपारची असेल तर तिची सोय लागल्यावांचून निघूं नये. आणि एकदां निघालें म्हणजे किल्ल्या खरोखरीच द्याव्या. रोज दूरध्वनीवरून नाशिकच्या स्वयंपाकाची चौकशी करूं नये.

मुलास आम्ही एवढेंच सांगूं कीं, हा वानप्रस्थ नव्हे. परतीचें तिकीट काढलेला प्रवास आहे. त्याची नाराजी भीतीपोटीं असेल तर त्यानें स्वतः जाऊन घर, डॉक्टर, रस्ता पाहून यावें. मात्र ‘पुढच्या वर्षीं बघूं’ असें म्हणूं नये. दोघेंही चालतींफिरतीं आहेत, एकास दुसऱ्याचा आधार आहे, तोंवरच ही गोष्ट होण्यासारखी आहे. दोहोंपैकीं एक मागें राहिल्यावर परक्या गांवीं तीन महिने कोणी काढीत नाहीं, आणि मुलानें तसें काढूंही देऊं नये.

दिवसांचा हिशेब असा. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेच्या देवदिवाळीस निघावें आणि महाशिवरात्रीस परतावें. त्यापूर्वीं निघूं नये, कारण निवृत्तिवेतनासाठीं नोव्हेंबरांत हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. २०१४ पासून तो संगणकावरूनही देतां येतो, परंतु म्हाताऱ्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असल्यामुळें यंत्रास ठसा ओळखतां येत नाहीं असें पुष्कळदां होतें. तो घोळ आपल्या बँकेंत, आपल्या गांवांतच उरकलेला बरा. शिवरात्रीनंतर किनाऱ्यावर घाम सुटूं लागतो, आणि पाठोपाठ शिमगा. मग चाकरमानी मंडळींनीं गाड्या भरून येतात. कोंकण रेल्वे १९९८ सालीं सबंध सुरू झाल्यापासून हा प्रवास म्हाताऱ्यांस सोसण्यासारखा झाला आहे. गुहागरास जाणारांनीं चिपळूणास उतरावें, पुढें रस्ता सुमारें ४५ किलोमीटरांचा. वृद्धांची भाड्यांतली सवलत रेल्वेनें मार्च २०२० मध्यें बंद केली, तथापि तिकीट काढतांना वय बरोबर लिहिल्यास खालचा बर्थ मिळण्याचा संभव वाढतो. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवसच आधीं खुलें होतें, हें लक्षांत ठेवून तारीख धरावी.

पहिल्या वर्षीं तीन महिन्यांचें धाडस करूं नये. पौषांतले पंधरा दिवस राहून पाहावें. घरमालकाशीं बोलणें आश्विनांतच करावें, दिवाळीनंतर चांगलीं घरें राहत नाहींत. आणि घर पाहावयास जातांना पत्नीस बरोबर न्यावें. पाखाडीच्या पायऱ्या त्यांनींच मोजाव्या.