बांबूची कमान आणि हप्त्यांचा सोफा

आपल्या भाषेत घर 'लावतात'. झाड लावतात, दिवा लावतात, मुलांना वळण लावतात, तसेच घरही लावतात. या सगळ्या लावण्यात एक गोष्ट समान आहे. ती एका दिवसात होत नाही आणि दुकानातून विकतही आणता येत नाही. अलीकडे मात्र घर लावण्याआधी हप्ता लावावा लागतो, असा समज पक्का होत चालला आहे. नवीन संसार म्हटला की सोफासेट, शोकेस, डबलबेड, कपाट, ड्रेसिंग टेबल अशी यादी ठरलेली. ही यादी कोणी केली, कोणासाठी केली, हे विचारायचे नाही. मुलीकडच्यांनी ती आंदणात भरून द्यायची, नाहीतर मुलाने कर्ज काढून पुरी करायची.

मी बँकेत अधिकारी होतो. नोकरीतली काही वर्षे फैजपूर, सावदा, यावल या केळीच्या पट्ट्यात गेली. शेतीकर्जाच्या फायलींबरोबर घरसामानाच्या कर्जाचे अर्जही टेबलावर येत. 'प्रयोजन' या रकान्यात 'संसारोपयोगी साहित्य' असे लिहिलेले असे. पुढे वसुलीच्या निमित्ताने अशा घरांत जाणे होई. बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर प्लॅस्टिकचे आवरण तसेच असे आणि घरातली माणसे ओसरीवर खाटेवर बसलेली असत. साहेब आले म्हणून सोफ्यावरचे कपडे घाईघाईने उचलले जात. मला वसुलीपेक्षा त्या घाईचेच वाईट वाटे. ज्या वस्तूवर घरचे बसत नाहीत तिचा हप्ता घरचे का भरत होते? लोक काय म्हणतील, एवढ्याचसाठी.

गंमत म्हणजे, थोड्या पैशांत आणि हाताशी असलेल्या वस्तूंतून केवढी देखणी सजावट होऊ शकते, याचा देशाला धडा मिळाला तो याच फैजपुरात. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन येथे भरले. तोवर अधिवेशने शहरांत होत. खेड्यात भरलेले हे पहिले. अध्यक्ष पंडित नेहरू होते. शंकरराव देव, धनाजी नाना चौधरी अशा कार्यकर्त्यांनी व्यवस्था अंगावर घेतली होती, साने गुरुजी खानदेशभर हिंडत होते. हजारोंच्या वस्तीसाठी गावाबाहेर 'तिलकनगर' उभे करायचे होते, आणि गांधीजींची अट होती की ते खेड्याला शोभेल असे, खेड्यातल्याच साहित्यातून आणि कारागिरांच्या हातून झाले पाहिजे.

त्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावले. नंदबाबू कलाभवनाचे प्रमुख आणि देशातले नामवंत चित्रकार. आपण चित्रे काढणारे, बांधकाम आपले क्षेत्र नव्हे, असा संकोच त्यांनी कळवला. पण गांधीजींना निष्णात तज्ज्ञापेक्षा मनापासून काम करणारा माणूस हवा होता. नंदबाबू आले आणि खानदेशात जे मिळते त्यातच त्यांनी आपले सामान शोधले. बांबू, चटया, गवत, माती. त्यांतून कमानी झाल्या, मंडप झाले, प्रदर्शनाची दालने झाली. अध्यक्षांच्या मिरवणुकीचा रथही त्यांच्याच कल्पनेतला. सहा बैलजोड्या जुंपलेला, गावच्या बैलगाडीशी नाते सांगणारा. खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी या मांडणीचे श्रेय वास्तुरचनाकार म्हात्रे आणि नंदलाल बोस यांना दिले. हे प्रदर्शन डोळे दिपवण्यासाठी नाही, असेही त्यांनी बजावले.

डोळे दिपवण्यासाठी नाही, ही घरसजावटीची पहिली कसोटी मानायला हरकत नाही. दुसरीही कसोटी त्याच वर्षातली. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला गेले. तिथल्या बापूकुटीच्या भिंतींवर मीराबेननी मातीतच ताडाची झाडे आणि चरखा उठावात काढला आहे. त्या खोलीत खुर्ची नाही, शोकेस नाही. तरी आत गेलेला माणूस तिला उघडीबोडकी म्हणत नाही, कारण प्रत्येक वस्तूला तिथे काम आहे. पुढे केरळात स्वस्त आणि सुंदर घरे बांधून नाव मिळवलेले लॉरी बेकर मूळचे इंग्लंडचे. घराचे साहित्य पाच मैलांच्या आतले असावे, हा विचार आपण गांधीजींकडून घेतला, असे ते सांगत.

मात्र साधेपणालाही थाट चढतो, हे विसरून चालणार नाही. फैजपूरनंतरचे अधिवेशन फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेत हरिपुऱ्याला झाले. नंदबाबू तिथेही होते. गावच्या रोजच्या जीवनावर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेली चित्रे आज कलेच्या इतिहासात मोलाची मानली जातात. पण अध्यक्षांच्या रथाला तिथे एक्कावन्न बैल होते. सहा जोड्यांवरून एक्कावन्न बैलांवर यायला चौदा महिने पुरले. आज तर महामार्गावरच्या हॉटेलांत जाते, सूप, कंदील आणि जुनी दारे मांडून 'गावाकडचे वातावरण' विकले जाते. आपल्याच गल्लीतले घर पाडताना सागाची चौकट भंगाराच्या भावाने जाते आणि शहरात तीच पॉलिश होऊन दसपट किमतीला विकली जाते. तेव्हा घरात आजीची लाकडी पेटी, चौरंग, पितळेची समई असेल, तर नवीन काही घेण्याआधी ती काढून पुसून पाहा. सजावट तिथूनच सुरू होते.

एक आक्षेप इथे रास्त आहे. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर दिवस काढले, त्यांना साधेपणाचे धडे देणे सोपे आणि अन्यायाचे आहे. सारवण सुंदर दिसते खरे, पण दर आठवड्याला कंबर मोडते ती घरच्या बाईची. तिला फरशी हवी असेल, ओटा हवा असेल, तर तो पहिला खर्च व्हायलाच हवा. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांना जमिनीवर बसा म्हणणे हाही दुष्टपणाच. चांगली उंच खुर्ची आणि हाताला धरायला भिंतीतला दांडा ही त्यांच्यासाठी चैन नव्हे. माझे म्हणणे एवढेच की खर्चाचा क्रम घरातल्या माणसांच्या शरीराने ठरवावा, पाहुण्यांच्या नजरेने नव्हे.

आता बँकेतल्या माणसाकडून थोडा हिशेब ऐका. साठ हजारांचे फर्निचर, दोन वर्षे मुदत, व्याज 'फक्त बारा टक्के' अशी जाहिरात असते. हे बारा टक्के बहुधा 'फ्लॅट' असतात, म्हणजे पूर्ण रकमेवर पूर्ण मुदतीचे. व्याज झाले १४ हजार ४००, हप्ता ३ हजार १००. पण मुद्दल तर तुम्ही दरमहा फेडत असता. कमी होत जाणाऱ्या बाकीवर हिशेब केला, तर हाच दर साधारण साडेएकवीस टक्के पडतो. 'शून्य टक्के' म्हणून जे सांगतात, तिथे प्रक्रिया शुल्क असते, नाहीतर रोखीला मिळणारी सूट गेलेली असते. शून्य टक्के व्याज अशी चीज अस्तित्वातच नाही, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट सुनावले होते.

उलट बाजू पाहा. तेच ३ हजार १०० रुपये दरमहा बाजूला टाकले, तर वीस महिन्यांत ६२ हजार जमतात. म्हणजे कर्जदाराचे चार हप्ते बाकी असतानाच तुमच्याकडे तीच वस्तू रोखीने येते आणि वर दोन हजार उरतात. आणि खरा फायदा वेगळाच आहे. वीस महिने त्या घरात राहिल्यावर ऊन कुठून येते, मुले अभ्यासाला कुठे बसतात, पाऊस कोणत्या खिडकीतून आत येतो, हे कळलेले असते. यादीतल्या निम्म्या वस्तू तोवर आपोआप गळतात.

जागेचाही हिशेब आहेच. २०१६ साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामीण आवास योजनेत घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह पंचवीस चौरस मीटर धरले आणि सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजारांचे साहाय्य ठरले. पंचवीस चौरस मीटर म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. त्यात तीन आणि दोन सुट्या बैठकांचा सोफा, मध्ये टीपॉय ठेवला की तीस-पस्तीस चौरस फूट गेलेच. घराचा आठवा हिस्सा! त्याच जागेत पत्र्याच्या दोन लांब पेट्या भिंतीला लावून, वर गादी आणि चादर टाकली, तर दिवसा बैठक, रात्री एकाची झोप आणि आत वर्षभराच्या गोधड्या, असे तिहेरी काम होते.

मग थोड्या पैशांत सुरुवात कुठून करावी? मी भिंतीपासून म्हणेन. आधी ओल थांबवावी. ओलीवर रंग म्हणजे वाया गेलेला पैसा. नंतर चुना. कळीचा चुना पाण्यात विरवून, निवल्यावर कापडातून गाळून, त्यात भिजवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ घालावी. पातळ दोन-तीन हात दिले की खोली उजळते. भिंतीवर आधीचा तैलरंग नसावा आणि डोळे जपावेत, एवढे पथ्य. चुन्यात बुरशी सहज धरत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. अशा वेळी गच्चीला पांढरा हात दिला तर खालची खोली निवते, आणि दिवाणखान्यातल्या कुठल्याही चित्रापेक्षा ती सजावट घरच्यांना अधिक आवडते.

दुसरे, सामान ठेवण्याची जागा. पसारा हा घराच्या सौंदर्याचा पहिला शत्रू. जुन्या धाब्याच्या घरांत भिंतीची जाडीच कामाला लावलेली असे: कोनाडे, फडताळे, खुंट्या. आज भिंती पातळ आहेत, पण कडप्प्याच्या फळ्या टाकता येतात. त्या कपाटापेक्षा स्वस्त पडतात आणि वाळवीची चिंता नाही. तिसरे, उजेड. छताच्या मध्यावर एकच झगझगीत दिवा लावण्याऐवजी ओट्यावर एक आणि मुलांच्या वहीवर पडेल असा एक, इतके पुरे. चौथे, कापड. मऊ झालेल्या सुती लुगड्यांचे पडदे उन्हाळ्यात वाऱ्याला अडवत नाहीत. आणि गोधडीबद्दल मी काय सांगावे! चार जुन्या साड्यांवर धावदोरा घालताना आपल्या आयाबहिणींनी रंग जुळवण्याची जी नजर कमावली, तिला शाळा नव्हती. आसोद्याच्या बहिणाबाईंना सुगरणीच्या खोप्यात कारागिरी दिसली, ती याच नजरेने.

या सगळ्यात एक मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरात सर्वाधिक वावरते ती बाई, पण फर्निचरच्या दुकानात बोलतो तो पुरुष. आणि मुलीच्या लग्नात तर तीही नाही, तिचा बापच बोलतो, तोही मान खाली घालून. मंडपाच्या कडेला कपाट, पलंग, सोफा मांडून ठेवण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. येणारे-जाणारे त्या सामानाची किंमत करतात आणि त्यातून मुलीच्या बापाचीही. त्या दोन दिवसांच्या प्रदर्शनापायी पुढची कित्येक वर्षे कुणाच्या तरी पगारातून, कुणाच्या तरी केळीच्या पैशातून हप्ते जात राहतात. मुलीला द्यायचेच असेल, तर ती रक्कम तिच्या नावाने पासबुकात द्या. तिचे घर ती लावील, तिच्या सवडीने आणि तिच्या नजरेने.

पाहुण्यांचे काय, म्हणाल तर आपल्या मुलखाने ते केव्हाच सोडवून ठेवले आहे. हिवाळ्यात शेतात भरताची पंगत बसते. खाली सतरंजी, पुढे केळीचे पान, वर आभाळ. तिथे कुणी मामलेदार येवो की मजूर, बैठक एकच. मानपान कमी झाला म्हणून आजवर कोणी उठून गेल्याचे मी ऐकलेले नाही.

तिलकनगर तात्पुरतेच होते. अधिवेशन संपल्यावर त्याचे काम संपले, आणि जे बांबू-चटयांतून उभे राहिले होते त्याचा बोजा गावाच्या डोक्यावर राहिला नाही. आपली घरे तात्पुरती नाहीत, त्यांत पिढ्या वाढायच्या आहेत. म्हणूनच त्यांची सुरुवात देण्याने होऊ नये. या दिवाळीला काही घेण्याआधी घरातल्या सर्वांनी एकदा एकत्र बसावे आणि प्रत्येक खोलीबद्दल एकच प्रश्न विचारावा: इथे कोणाला काय अडते? उत्तरांची जी यादी होईल तीच खरी खरेदीची यादी. ती बहुधा दुकानातल्या यादीपेक्षा पुष्कळच आखूड निघेल.