वेदनेलाही ‘माला-एन’ द्या

ओटीपोटातल्या जुनाट दुखण्यावर गर्भनिरोधक संप्रेरके हे मान्य औषध आहे आणि सरकारी दवाखान्यांतून ते लग्नाची चौकशी न करता मिळाले पाहिजे, अशी आमची भूमिका आहे. कर्नाटकाने मासिक पाळीची भरपगारी रजा मान्य केल्यावर आपल्याकडे रजेवर रकाने भरले. उपचारांवर चार ओळीही नाहीत.

‘माला-एन’ गोळ्या आणि तिमाही ‘अंतरा’ इंजेक्शन ही गर्भनिरोधक संप्रेरके सरकार मोफत देते, पण कुटुंब नियोजनाच्या खात्यात. मांडीपर्यंत उतरणाऱ्या कळा सोसणारी एकोणीस वर्षांची मुलगी तिथे गेली, की आधी तिच्या गळ्यात मंगळसूत्र शोधले जाते. सोबतची आई गोळीचे नाव ऐकूनच उठते. मग उरते वेदनाशामकाची पट्टी, महिनोन्‌महिने. अशा कळांमागे एन्डोमेट्रिओसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचा, संशय असला तर उपचार सुरू करण्यापूर्वी दुर्बिणीची शस्त्रक्रिया हवीच, हा आग्रह युरोपीय तज्ज्ञांनी २०२२मध्येच सोडला आहे.

अर्थात, गोळी म्हणजे तपासणीला सुट्टी नव्हे. पाळीबरोबर चढणारे दुखणे संप्रेरकांनी बऱ्याचदा आटोक्यात येते. बसल्यावर जळजळणारे आणि उभे राहिल्यावर उतरणारे दुखणे ओटीपोटाच्या तळातली प्युडेंडल नस दबल्याचे असू शकते. तिथे फिजिओथेरपी किंवा नस बधिर करणारे इंजेक्शन लागते. अर्धशिशीपूर्वी डोळ्यांपुढे झगमग दिसणाऱ्या स्त्रीला तर ‘माला-एन’ देऊच नये. पक्षाघाताचा धोका वाढतो.

आरोग्य विभागाने वाटपाच्या नोंदवहीत ‘वेदना’ हा स्वतंत्र रकाना घालावा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना तसे लेखी कळवावे. परिपत्रक येत्या अधिवेशनापूर्वी निघावे.