कमरेला रिव्हॉल्व्हर लावण्याआधी

मंगल कार्यालयात पंगतीला बसताना एखादा माणूस उजव्या बाजूचा शर्ट खाली ओढतो, कोपर अंगाशी धरतो आणि जेवून उठेपर्यंत ते सैल सोडत नाही. शर्टाखाली काय आहे, हे शेजारच्याला न सांगता कळतं. मोबाइल आणि गाडीच्या किल्ल्यांबरोबर सकाळी रिव्हॉल्व्हरही कमरेला लावून निघायचं, ही सवय आपल्याकडे बांधकामवाल्यांत, सावकारीत, राजकारणात रुळली आहे. ती सोडावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

परवाना असेल तर शस्त्र झाकून बाळगणं गुन्हा नाही. उलट 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी ते पूर्ण झाकलेलंच असावं लागतं आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा असावा लागतो. दाखवायला, हवेत बार काढायला बंदी आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर वरातीत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण ताबा ठेवायचा कसा? कोर्टात शस्त्र नेता येत नाही, सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या दर्शनाला नेणं शोभत नाही, दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर झोपताना ते काढावंच लागतं. मग ते गाडीच्या ड्रॉवरमध्ये, ड्रायव्हरच्या भरवशावर राहतं. रोज बाळगायचं म्हणजे रोज चार ठिकाणी काढून ठेवायचं, आणि धोका नेमका तिथे असतो. फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्याने वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं होतं, तेही परवान्याचं. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला पहाटे प्रवासाला निघण्याच्या घाईत अभिनेता गोविंदा यांच्या पायात स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. समोर ना चोर होता, ना वैरी.

सोलापूरला मात्र मुंबईची उदाहरणं लागत नाहीत. 18 एप्रिल 2025 च्या रात्री मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. शिरीष वळसंगकर गेले, ते परवान्याच्या शस्त्राने, स्वतःच्या घरात. का, हा प्रश्न न्यायालयापुढे आहे आणि त्यावर मी एक अक्षरही लिहिणार नाही. मला एवढंच सांगायचं आहे की हजारो कुटुंबांना ज्यांनी आधार दिला, त्या माणसाच्या त्या एका घटकेत हत्यार हाताशी होतं. निराशेची अशी घटका पुष्कळांवर येते आणि पुष्कळदा ती ओसरतेही. हाताशी भरलेलं शस्त्र असेल तर ओसरायला वेळच मिळत नाही. परवान्याच्या अर्जात दरोडेखोराचा विचार असतो, या घटकेचा नसतो.

वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याची, रोकड घेऊन रात्री घरी जाणाऱ्या सराफाची भीती खरी आहे. तिला मी खोटं म्हणत नाही. पण मागून दुचाकीवर येणारा चोर तुम्हाला शर्ट वर करायला वेळ देत नाही. गोळी झाडलीच, तर स्वसंरक्षणाला आवश्यक तेवढाच बळाचा वापर केला का, हे पुढे कोर्टात पाहिलं जातं. आणि भीमेच्या काठाने पलीकडे, कर्नाटकातल्या चडचण-इंडीकडे पाहा. तिथल्या दोन घराण्यांच्या वैरात दोन्ही बाजूंना बंदुका होत्या. त्याने कोणतीच बाजू सुरक्षित झाली नाही.

2024 मध्ये दोन निवडणुका झाल्या, मे महिन्यात लोकसभेची आणि नोव्हेंबरात विधानसभेची. दोन्ही वेळा छाननीत नाव निघालेल्या परवानाधारकांना शस्त्रं जमा करावी लागली. ज्यांनी ती केली, त्यांनी ते दिवस कसे गेले हे स्वतःशी आठवून पाहावं. मोकळ्या कमरेने ते त्याच साइटवर गेले, त्याच वसुलीला गेले.

परवाना आता पाच वर्षांचा असतो. अर्जाबरोबर वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, पण मधल्या पाच वर्षांत माणसाची झोप उडाली, व्यवसाय बुडाला, दारू वाढली, तर विचारणारं कोणी नसतं. घरच्यांना हे सगळं दिसत असतं. पोलीस आयुक्तालयाने आणि जिल्हाधिकारी कार्यालयाने नूतनीकरणाच्या वेळी पत्नीशी, मुलांशी स्वतंत्र बोलावं. निवडणूक नसतानाही, कारण न विचारता, शस्त्र काही महिने जमा करून घेण्याची सोय ठाण्यात सहज मिळावी. परवाना रद्द होईल या धास्तीने लोक ते घरात ठेवतात; ती धास्ती घालवणं प्रशासनाच्या हातात आहे. आणि ज्या घरात कोणी गप्प गप्प झालं आहे, तिथे कपाटाची किल्ली आजच दुसऱ्याकडे द्या. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि त्यावर मराठीतही बोलता येतं.