आधी अंग तापवा, मग चेंडू मारा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. कुठेही रविवारी सकाळी मोकळी जागा दिसली की फुटबॉल खेळणारी पोरे दिसतात. चार दगडांचे दोन गोल आणि एक चेंडू, झाला सामना सुरू! आम्हीही अनेक वर्षे असेच सामने भरवत आलो.

एकदा आमची मुले लोकलमधून उतरून धावतपळत मैदानावर आली. समोरचा संघ ताटकळलेला. "काका, जरा पळून घेतो," मुले म्हणाली. आम्हीच घड्याळ दाखवून त्यांना आत पिटाळले. पाचव्याच मिनिटाला एका चौदा वर्षांच्या मुलाच्या मांडीचा स्नायू दुखावला. सहा आठवडे तो घरी होता. त्याची आई धुणीभांडी करते; तिचे खाडे झाले ते वेगळेच. केवळ घाईमुळेच असे झाले, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण आमच्या मनाला ते लागून राहिले.

मग आम्ही चौकशी केली. 'फिफा ११ प्लस' हा वीस मिनिटांचा व्यायामक्रम आहे. आठ मिनिटे हळू धावणे, दहा मिनिटे ताकद, उड्या व तोल यांचे व्यायाम, शेवटी दोन मिनिटे वेगाने धावणे. सरावाच्या दिवशी पूर्ण, आठवड्यातून किमान दोनदा. सामन्याआधी फक्त धावण्याचे दोन भाग. एका चेंडूपलीकडे खर्च नाही. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर याची पाहणी झाली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. हा व्यायाम करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळल्या, गंभीर दुखापती तर जवळजवळ निम्म्या.

खेळही सुधारतो. तापलेला स्नायू चपळ चालतो, पहिल्या मिनिटापासून वेग मिळतो. मात्र एका जागी उभे राहून मिनिटभराहून जास्त वेळ पाय ताणून धरू नये. त्याने जोर थोडा कमी होतो. ते खेळ संपल्यावर करावे. उन्हाळ्यात हा व्यायाम सावलीत करावा, पाणी जवळ ठेवावे.

पालकांनो, मुलाला बूट घेऊन देता, तशी ही वीस मिनिटेही द्या. मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, घड्याळ दाखवण्याआधी थांबा. आम्ही आता मुलांना सामन्याच्या अर्धा तास आधीची वेळ सांगतो. तो मुलगा पुन्हा खेळतो आहे आणि सर्वांच्या पुढे धावतो तोच.