दहा टाका, नऊ घ्या

शेतकरी भावांनो,

मटका जन्मला आपल्याच कापसातून. न्यूयॉर्कच्या बाजारात रुईचा भाव कितीने उघडला, कितीने बंद झाला, हे तारेने मुंबईत येई आणि त्यावर लोक आकडे लावत. १९६०च्या दशकाच्या आरंभी ते बंद पडले. मग चिठ्ठ्या आल्या, पत्ते आले, आता मोबाइल आला. हिशेब मात्र तोच.

आकडे दहा. रुपया लावला आणि लागला, तर सहसा मिळतात नऊ. दहाही आकड्यांवर रुपया रुपया लावून बघा : गेले दहा, आले नऊ. जोडीत शंभराला नव्वद. कसलीही लबाडी न करता रुपयामागे दहा पैसे बुकीचे. (अडत्याची कटती बरी म्हणायची!) शंभर रुपये घेऊन बसा, येईल ते सगळे पुन्हा लावत दहा डाव खेळा, सरासरीने पस्तीसही उरत नाहीत.

'आठ दिवस पंजा आला नाही, आज येणारच.' आकड्याला कालची आठवण नसते, भाऊ.

शेतीही जुगारच, असे आम्हाला ऐकवतात. पाऊस दगा देतो खरा, पण दर डावाला दहावा हिस्सा कापून घेत नाही.

कापसाचा चुकारा होतो त्याच आठवड्यात चिठ्ठीवाला पारावर दिसू लागतो. पुढच्या बैठकीला आम्ही दहा चिठ्ठ्या आणि चिंचोके आणतो. बुकी आम्ही होऊ. तासभर खेळून बघा.