तेव्हा सगळं गोडच होतं?

इंग्रजीच्या पेपरसाठी वाचताना लक्षात आलं, ब्रिटनच्या जुन्या पिढीला युद्धानंतरच्या घरांचं भारी प्रेम. रेशनची पुस्तिका, कोपऱ्यावरचं दुकान, तोलून दिलेलं लोणी. गंमत म्हणजे युद्ध चालू असताना तिथे ब्रेडवर रेशनिंग नव्हतंच. ते आलं जिंकल्यावर, १९४६ साली, आणि दोन वर्षं टिकलं. खाण्याच्या वस्तूंवरचं रेशनिंग पूर्ण संपायला १९५४ उजाडलं. तरी आठवण गोडच!

आमच्या दापोऱ्यातही ओट्यावर हाच सूर. शेर-पावशेराची मापं, वाण्याची उधारीची वही, कागदाच्या पुडीतलं जिरं, कळण्याची भाकरी. "तेव्हा भेसळ नव्हती, हाव नव्हती." पण हे सांगणारे बहुतेक आजोबा असतात. आजीला विचारा ना. ती मापांचं नाही, जात्याचं सांगते. पहाटे उठून दळायचं, पुडीचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवायचा, पाहुणे आले की आपला चहा बिनसाखरेचा. १९६५ साली शास्त्रीजींनी आठवड्यातून एक जेवण सोडायला सांगितलं, तर आजी म्हणते, "आम्हाले ते सांगाची गरजच नव्हती."

जुन्या आठवणी काढू नयेत असं मी म्हणत नाही. काटकसर त्या पिढीकडून शिकावीच (आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये फेकलं जाणारं अन्न बघवत नाही). पण टंचाईला साधेपणा म्हणणं मला पटत नाही. ती टंचाई घरातही सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नव्हती.

म्हणून घरच्या आठवणी लिहायला बसाल तेव्हा ताटात काय होतं ते विचाराच, पण शेवटी कोण जेवायचं आणि तेव्हा टोपल्यात किती भाकरी उरायच्या, हेही विचारा.