वांगेसट आणि प्रतीकांची किंमत

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला बाणगंगेकाठच्या ओझरला खंडेराव महाराजांची यात्रा भरते. बारागाडे ओढले जातात, भंडारा उधळला जातो, येळकोटाचा गजर होतो. १९६४ साली सुरू झालेल्या विमान कारखान्यामुळे या गावाला ‘ओझर मिग’ असे नाव पडले. मिग-२१ सप्टेंबर २०२५मध्ये हवाई दलातून निवृत्त झाले, पण गावाच्या नावातले मिग काही निवृत्त झाले नाही. वस्तू जाते आणि खूण उरते. प्रतीकांच्या बाबतीत पुष्कळदा असेच घडते. म्हणूनच ती वाचताना खुणेमागची वस्तू विसरून चालत नाही.

चंपाषष्ठीचा एक अर्थ आता सर्वत्र ऐकू येतो. मणी आणि मल्ल हे मानवी मनातले विकार, खंडोबा म्हणजे विवेक, षड्रात्रोत्सवाचे सहा दिवस म्हणजे षड्रिपूंवरचा विजय. प्रवचनांतून, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतून हा अर्थ जसाच्या तसा उतरत असतो. तो खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमची तक्रार एवढीच, की तो कोणत्याही देवाला आणि कोणत्याही सणाला सारखाच बसतो. देवीने महिषासुराला मारले तरी विकारांचा नाश आणि नरकासुर पडला तरी विकारांचाच नाश! मग खंडोबा खंडोबाच का?

याचे उत्तर कथेच्या तपशिलात आहे. मल्हारी माहात्म्याच्या परंपरेत मल्लाचा वध होतो. मणी मात्र शरण येतो आणि देवाजवळ स्थान मागून घेतो. जेजुरीच्या गडावर त्याची पूजा होते. शत्रूला संपविण्याबरोबरच सामावून घेण्याचीही ही गोष्ट आहे, आणि मणीला निव्वळ ‘विकार’ म्हटले की ती हरवते. खंडोबाचा संसारही असाच बोलका आहे. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. बाणाईचे चंदनपुरी आमच्याच नाशिक जिल्ह्यात, मालेगावजवळ आहे. पेठेतला व्यापारी आणि रानातला मेंढपाळ यांना हा देव सोयरे करतो, तोही सवतींच्या भांडणासकट. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोंथायमर यांनी खंडोबाचा शोध घेतला तो याच वाटांनी, धनगरांच्या वाड्यांपासून कर्नाटकातल्या मैलारापर्यंत जात. ‘येळकोट’ या शब्दातही कानडीतला ‘सात’ ऐकू येतो, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

स्वयंपाकघरातही तेच. चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे या दिवशी भरीत होऊन नैवेद्यात येते, सोबत बाजरीचा रोडगा आणि कांद्याची पात. म्हणून लोक या दिवसाला ‘वांगेसट’ म्हणतात. पंचपक्वान्न नव्हे, शिवारात पिकलेले, चुलीत भाजलेले अन्न देवापुढे ठेवायचे. ताम्हनात खोबरे, सुपारी आणि भंडारा घेऊन तळी भरतात तीही एकट्याने नव्हे. चार हात लागल्याशिवाय ते ताम्हन उचलले जात नाही. आमच्या मते या सणाचा अर्थ त्या हातांमध्ये आहे.

परंतु तपशिलाकडे पाहण्याचा आग्रह धरल्यावर केवळ सुखद तपशीलच पाहणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वाघ्या-मुरळीच्या परंपरेला पुष्कळदा ‘जीवाने शिवाला वरण्याचे प्रतीक’ म्हटले जाते. वाक्य सुंदर आहे. मात्र ते प्रतीक उभे राहिले होते ते नवसापोटी देवाला वाहिलेल्या खऱ्याखुऱ्या मुलींच्या आयुष्यावर. आई-बापांनी बोललेला नवस मुलीने जन्मभर फेडायचा, त्यातही बहुधा दलित आणि गरीब घरांतल्या मुलीने. १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ सुरू करणाऱ्या शिवराम जानबा कांबळे यांनी या चालीविरुद्ध मोहीम उघडली, ती प्रतीकाच्या मागे उभी असलेली मुलगी त्यांना दिसली म्हणून. पुढे १९३४चा मुंबई देवदासी संरक्षण कायदा आला आणि महाराष्ट्राने २००५चा देवदासी प्रथा निर्मूलन कायदाही केला. कायद्याची दोनदा गरज पडावी, यातच त्या ‘प्रतीका’चे वजन कळते.

म्हणून सणामागचे प्रतीक सांगणाऱ्याला आम्ही दोन प्रश्न विचारू इच्छितो. हे प्रतीक कोणाच्या श्रमातून, कोणाच्या अन्नातून आले? आणि ते टिकविण्याची किंमत कोणी मोजली? पहिल्या प्रश्नाने वांगे, बाणाई आणि मणी परत मिळतात. दुसऱ्याने मुरळी दिसते. हे दोन्ही प्रश्न टाळणारे अध्यात्म कितीही उंच गेले, तरी त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत.

वाघ्या-मुरळीचे जागरण आजही रंगते. ते कला म्हणून, उपजीविका म्हणून, स्वेच्छेने रंगावे. त्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. भंडाऱ्याचा पिवळा रंग अंगावर पडतो तेव्हा तो जात विचारीत नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. तो यात्रेच्या दिवशी खरा असेल तर यात्रेच्या दुसऱ्या दिवशीही खरा असावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.